भट्टी वाकू नये म्हणून

आमचे मामा सिमेंटच्या कारखान्यात भट्टीवर होते. ही भट्टी म्हणजे आडवी ठेवलेली लोखंडी नळी, आगगाडीच्या तीन-चार डब्यांएवढी लांब, आणि ती पोटात आग घेऊन सतत स्वतःभोवती फिरत असते. मामा निळ्या काचेतून ती आग बघायचे. "माझ्या चुलीकडे कधी इतक्या प्रेमानं बघितलं नाहीत," मामी म्हणायची. मामांचं उत्तर ठरलेलं, "तुझी चूल कुठं फिरते?"

त्यांची लेक दुसऱ्या शहरात नोकरीला. "आता इकडेच या," म्हणून तिनं धोशा लावला होता, मामीची बॅगही जवळजवळ भरलेलीच असायची. मामांचा पाय निघेना, कारण तेवढ्यात सरकारचं नवं धोरण आलं. जे कारखाने धुरातला कार्बन पकडून जमिनीत खोल पुरतील ते चालतील, बाकीच्यांना टाळं. कारखान्यानं चिमणीशेजारी कार्बन पकडणारा उंच मनोरा उभा केला, आणि मामांना आकाश ठेंगणं झालं. "आपल्या माघारीसुद्धा भट्टी फिरत राहणार," असं ते ज्याला त्याला सांगत सुटले.

कार्बन पकडला जात होता, यात खोटं काही नाही. तो पुरायला नेणारी पाइपलाइन मात्र कुंपणापाशी येऊन थांबली. पलीकडच्या गावांना आपल्या पायाखाली दुसऱ्याचा धूर नको होता. कंपनीलाही घाई नव्हती, कारण धोरणात पुरायचं म्हटलं असलं तरी सरकार मोजायचं फक्त पकडलेला कार्बन, आणि सवलतही त्याचीच मिळायची, पुरल्याबद्दल नाही. मग टाक्या भरल्या की मागचा व्हॉल्व्ह उघडायचा आणि पकडलेला वायू पुन्हा हवेत सोडून द्यायचा. मामांच्या पाळीत हे काम मामांकडे.

"मामा, चोर पकडून मागच्या दारानं सोडताय की!" मी एकदा चिडून म्हटलं.

"पाइपलाइन येईपर्यंतच गं," ते म्हणाले. त्यांना ते मनापासून खरं वाटत होतं. मला त्यांचा राग यायचा, आणि त्याहून जास्त कीव.

पाइपलाइन आली नाही. धोरण तेवढं बदललं: यापुढे पुरलेलाच कार्बन मोजणार. त्या नियमात मला अजूनही खोट काढता येत नाही, माझं खरं दुखणं तेच आहे. आमच्या कारखान्यानं चिमूटभरही पुरला नव्हता. कंपनीनं हात वर केले आणि भट्टी विझवायला सांगितली.

आग विझली तरी भट्टी एकदम थांबवून चालत नाही. तापलेली नळी एकाच जागी राहिली तर स्वतःच्याच वजनानं वाकते, आणि मग कामातून जाते. म्हणून पूर्ण गार होईपर्यंत तिला थोड्या थोड्या वेळानं पाव फेरा द्यायचा असतो. "आता कशाला?" म्हणून साहेबांनी सगळ्यांना घरी पाठवलं. मामा एकटे राहिले. छोट्या डिझेल इंजिनावर ते भट्टी फिरवत बसले, आणि मामी तोंड वाकडं करत का होईना, डबे पोचवत राहिली.

"धोरण बदललं तसं परत बदलेल," मामा मला म्हणाले. "तेव्हा भट्टी सरळ पाहिजे." पत्र्याला तळहात टेकवून ती गार झाल्याची खात्री पटली, तेव्हाच ते उठले.

पुढे भट्टी विकत घेणारा ठेकेदार आला. दाखवायला मामांनाच बोलावलं होतं. त्यानं एक डोळा मिटून या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर टाकली. "वा! बंद पडलेली भट्टी इतकी सरळ मी पाहिली नाही."

मामांचा चेहरा फुलला. "कुठं बसवणार?"

"बसवतोय कुठली? भंगारात जाणार. वाकलेली असली की कापताना, उचलताना फार ताप होतो. तुम्ही आमचं काम सोपं केलंत, काका."

मामा घरी आले, हातपाय धुऊन बसले. मामीनं चाचरत विचारलं, "आता तरी जायचं ना लेकीकडे?"

"तिथं जाऊन मी काय फिरवू?"

मामी सवयीनं हसली. मग तिनं त्यांच्याकडे नीट बघितलं, आणि बॅगेतले कपडे काढून परत कपाटात लावायला घेतले.