अर्धवट ओले केस

गल्लीत सगळे त्यांना वहिनी म्हणत. इस्त्रीचे कपडे टाकायला येणारा साठीचा डॉक्टरही वहिनी म्हणे आणि त्याचा नातूही. सासरी मात्र पहिल्याच आठवड्यात त्यांना वेगळं नाव मिळालं होतं. नणंदेनं त्यांचे सुटे केस पाहिले, भांडी घासायचा काथ्या त्यांच्या डोक्याशेजारी धरला आणि म्हणाली, "आई, बघ गं, सख्खी भावंडं वाटतात की नाही?" तेव्हापासून घरात त्या काथ्या.

घर इस्त्रीवाल्यांचं. पुढं दुकान, मागं दोन खोल्या, आणि मधलं दार कधीच लागत नसे. सासरे गेल्यावर सासूबाईंनी धंदा असा सांभाळला, की शर्टावर एक सुरकुती राहिली तर गिऱ्हाइकाच्या आधी त्यांनाच अपमान वाटायचा. तरुणपणी सहा किलोची इस्त्री एका हातानं उचलून दुसऱ्या हातानं सुनेला टोमणा मारणारी बाई, असं एक जुनं गिऱ्हाईक म्हणायचं. सून तर तेव्हा आलीही नव्हती, पण त्या तयारीत होत्या एवढं खरं.

"या हातानं आख्ख्या पेठेच्या सुरकुत्या काढल्या," त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "पण घरात आणलेलं हे एक डोकं काही सरळ होईना!"

गिऱ्हाईक हसे. नवराही हसे. वहिनीही हसत, कारण न हसणाऱ्याला त्या घरात 'नाकाला फार मिरच्या' म्हणत. वहिनींच्या हातून कॉलरचं टोक जरा वाकडं राहिलं, की सासूबाई तो शर्ट दोन बोटांत धरून दुकानभर फिरवत. "इतकी वर्षं या घरात आहेस, आणि एक इस्त्री येत नाही?" हे वाक्य पहिल्या वर्षीही होतं. तेव्हा 'इतकी वर्षं' म्हणजे सात महिने झाले होते.

वहिनींना बोलणी नवी नव्हती. आई लहानपणीच गेली, वाढवलं काकूनं. रोज सकाळी काकूच्या दोन गुडघ्यांमध्ये डोकं अडकवून बसायचं, आणि काकू बारीक दातांचा कंगवा कोरड्या केसांत थेट टाळूपासून ओढायची. कुरळा केस कोरडा ओढला की कटकन तुटतो. त्याचा आवाज ज्याचं डोकं त्यालाच ऐकू येतो. कंगव्याचा दात तुटला, की तो आवाज मात्र काकूला ऐकू यायचा, आणि पाठीत धपाटा बसायचा. केस तुटल्याचा हिशेब कुणी ठेवला नाही.

केस कसे सांभाळायचे हे त्यांना सांगितलं एका गिऱ्हाइकानं. शाळेतून निवृत्त झालेल्या बाई होत्या, डोक्यावर पांढऱ्याशुभ्र कुरळ्या बटा, एकेक स्प्रिंगसारखी. लग्नाला तीन वर्षं झाली होती तेव्हा. कपडे घरपोच द्यायला वहिनी गेल्या आणि दारातच बघत राहिल्या.

"काय बघतेस? तुझेही असेच आहेत की," बाई म्हणाल्या. "तू त्यांना मारून टाकलंयस, एवढंच."

मग त्यांनी वहिनींना बेसिनपाशी नेऊनच दाखवलं. कोरड्या केसांत कंगवा घालायचा नाही, मेलं तरी नाही. आठवड्यातून एकदा धुवायचे. निथळत असतानाच चार भाग करायचे, बोटांनी टोकापासून गुंता सोडवत वर यायचं, मग रुंद दातांचा कंगवा. जवस पाण्यात उकळून गाळलं की अंड्याच्या पांढऱ्यासारखं चिकट पाणी निघतं, ते तळहातावर घेऊन बटा खालून वर मुठीत दाबायच्या. टॉवेलनं खसाखसा पुसायचं नाही, जुन्या सुती बनियनमध्ये गुंडाळायचे.

"आणि मग?"

"मग हात मागं बांधून बसायचं. वाळेपर्यंत कुणी बोट लावायचं नाही. अर्धवट ओला केस फार हळवा असतो बघ. त्या वेळी त्याला जे कराल ते त्याला लागतं."

वहिनींच्या स्वतःच्या डोक्याला याचा फारसा उपयोग झाला नाही. कपाळावरचे केस काकूनंच कायमचे उपटले होते. पण पुढच्याच वर्षी चिमी झाली, आणि दोन वर्षांची होईतो तिच्या डोक्यावर आईचीच कुरळी जात उगवली, काळीभोर, दाट. त्या डोक्याला कोरडा कंगवा एकदाही लागला नाही. रविवारी सकाळी वहिनी तिला मोरीत पाटावर बसवत, आणि तास दीड तास त्या घरातलं दुसरं कुठलंही काम त्यांना ऐकू येत नसे. चिमीच्या उशीला त्यांनी जुन्या कोटाच्या रेशमी अस्तराची खोळ शिवली होती. आयुष्याकडं त्यांचं मागणं एवढंच होतं, की आपल्या डोक्याचं झालं ते झालं, या डोक्याला कुणाचा हिसका बसू नये.

सासूबाईंना हा सोहळा बघवत नसे. कुरळ्या केसांत आठवडाभराचे गळलेले केस तसेच अडकून राहतात आणि धुताना एकदम निघतात. त्याचा पुंजका त्या मोरीतून उचलत आणि दुकानात आणून दाखवत. "उंदीर मेलाय असं वाटलं मला. सात वर्षांच्या पोरीचे एका दिवसात एवढे केस गळतात? लाडानं टक्कल पाडतेय ही पोरीला."

"आई, ते आठवड्याचे असतात."

"हो का? मग माझे कुठं जातात आठवड्याचे?"

याला उत्तर होतं. सासूबाईंचे रोज सकाळी कंगव्यात जात होते. पण तोवर गिऱ्हाईक मान हलवून निघून गेलं होतं.

त्या वर्षी दुकानाला चाळीस वर्षं झाली. सासूबाईंनी ठरवलं, सगळ्या घराचा एक मोठा फोटो काढायचा आणि गल्ल्याच्या वर लावायचा. फोटोवाला रविवारी अकराला येणार होता. "सगळ्यांनी कडक इस्त्रीत उभं राहायचं," त्यांनी बजावलं. मग चिमीकडं बघून म्हणाल्या, "हे टोपलं तेवढं आवरा. भिंतीवर जन्मभर राहणार आहे."

वहिनींना वाटलं, आपण या दिवशी अशा बटा पाडू, की फोटोच सासूबाईंचं तोंड बंद करेल. म्हणून त्या रविवारी त्यांनी पहाटेच जवस उकळलं. चिमीचे केस धुतले, एकेक बट बोटाभोवती गुंडाळून सोडली, बनियन बांधलं. सव्वानऊला बनियन सोडलं तेव्हा केस अजून अर्धवट ओले होते. "आता दीड तास हात लावायचा नाही. खिडकीत उन्हाला बस," त्यांनी सांगितलं.

साडेनऊला सासूबाईंनी दवाखान्याच्या पांढऱ्या कोटांचं गाठोडं पुढं सरकवलं. "हे देऊन ये. डॉक्टरांचा निरोप आलाय."

"आत्ता? यांना पाठवा की."

"त्याला दाढी करायचीय. तुला काय करायचंय? केस तर तुझे होत नाहीत काही."

वहिनी निघाल्या. दवाखाना वीस मिनिटांवर.

मागं काय झालं ते त्यांना नंतर चिमीनंच सांगितलं. आजीनं तिचे केस हातात घेतले, दाबून बघितले, आणि आजीचे डोळे चमकले. इस्त्रीवाल्याला कपडा कसा हवा असतो? वाळलेला नाही, निथळणारा नाही, नुसता ओलसर. तसा कपडा मिळाला की सुरकुती लोण्यासारखी निघते. कोरड्या सुती कापडावर पाणी मारल्याशिवाय इस्त्री फिरवायची नाही, हा त्या घरातला कायदा होता. आणि इथं तर आयताच ओलावा होता.

"इकडं ये गं," सासूबाई आपल्या मुलीला म्हणाल्या. नणंद फोटोसाठी सकाळीच आली होती. चिमीला स्टुलावर बसवून तिचं डोकं टेबलावरच्या जाड ब्लँकेटवर आडवं टेकवलं. नणंदेनं डोकं धरलं, बापानं केस चादरीवर पसरून धरले. पसरायचा हात त्याचाच चांगला होता.

"हललीस तर बिघडेल हं," आजी म्हणाली. "रेशमासारखे करते बघ."

चिमी हलली नाही. तिलाही सरळ केस हवे होते. शाळेत तिला मॅगी म्हणत.

पहिली बट रेशमाच्या तापमानावर काही सरळ होईना. सासूबाईंनी बटण फिरवून लोकरीवर नेलं. मग सुतीवर.

वहिनी गल्लीच्या तोंडाशी आल्या तेव्हा त्यांना वास आला. इस्त्रीच्या घरात वासावरून कळतं काय बिघडलं. लोकर जळाली, त्यांच्या मनात आलं. कुणाचा तरी स्वेटर गेला. दुकानातल्या गाठोड्यात कुणाकुणाचे स्वेटर होते हे आठवत, आता गिऱ्हाइकाला काय सांगायचं याची वाक्यं जुळवत त्या चालत राहिल्या. दुकानात पाय ठेवेपर्यंत त्या स्वेटरच्याच काळजीत होत्या.

चिमी स्टुलावर बसली होती. डावीकडचे केस परत बनियनमध्ये बांधलेले होते. उजवीकडचे इस्त्रीच्या तळाला चिकटून कोळपले होते आणि नणंद ते चाकूनं खरवडत होती. केसांतल्या पाण्याची वाफ होऊन आतूनच ते फुटले होते. चार बोटं लांबीचे केस शिल्लक होते, तेही बोट लावलं की चुरा. कानाची पाळी लाल होऊन टरारली होती.

"आई, अजून एकच बाजू झाली," चिमी म्हणाली. ती रडत नव्हती. तिनं अजून आरशात बघितलं नव्हतं.

वहिनींच्या तोंडून जो आवाज निघाला तो त्यांनाच ओळखू आला नाही.

"ओरडू नकोस. फोटोवाला यायची वेळ झालीय," सासूबाई म्हणाल्या. "केसच आहेत, बोटं नव्हेत. येतील परत."

"तुम्ही धरलंत?" वहिनींनी नवऱ्याला विचारलं.

"आई चांगल्यासाठीच करत होती," तो म्हणाला. त्याच्या अर्ध्या गालाला साबणाचा फेस होता.

चिमी तोवर उठून आरशापाशी गेली. आणि मग मात्र ती रडली. आजीनं तिला जवळ घेतलं, कानाला थंड पाणी लावलं, आणि हळू आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात समजावलं, "माझा हात चाळीस वर्षांत चुकला नाही गं बाळा. पण तुझ्या आईनं केस ओले ठेवले होते ना. कोरडे असते तर काही झालं नसतं."

पाणी मारल्याशिवाय इस्त्री नाही म्हणणारी ती जीभ. पण सात वर्षांच्या पोरीला दोन्हींतलं एकच ऐकू आलं. तिनं आजीच्या कुशीतून आईकडं पाहिलं.

फोटो निघाला. फोटोवाल्यानं चिमीला डावी बाजू पुढं करून उभं केलं. त्या बाजूच्या बटा इतक्या सुरेख पडल्या होत्या, की तो आपणहून म्हणाला, "वा! पार्लरमध्ये नेलं होतं का?" सासूबाई म्हणाल्या, "छे हो, सगळं घरीच." संध्याकाळी वहिनींनी दुकानाच्या कात्रीनं त्या बाजूचेही कापून टाकले.

फोटो गल्ल्याच्या वर लागला. "सूनबाई हसल्या नाहीत का?" असं कुणी विचारलं, की सासूबाई म्हणत, "तिचं तोंडच तसं आहे."

शाळेत मॅगीची 'करपलेली मॅगी' झाली. रविवारचा पाट मोरीत तसाच उभा राहिला. चिमी आईला डोक्याला हात लावू देईना. वहिनी जवसाचं पाणी करून वाटी तिच्यापुढं ठेवत. ती वाटी मोरीत ओते. "तुझ्यामुळंच झालं," एवढंच म्हणे. वहिनींनी एकदा सांगून पाहिलं, दोनदा सांगून पाहिलं. तिसऱ्यांदा आजी म्हणाली, "पोरीपुढं मोठ्यांचे दोष काढू नये, एवढंही शिकवलं नाही काकूनं?"

केसांना मात्र कुणाचं काही ऐकायचं नसतं. दीड वर्षात ते मानेपर्यंत आले, पहिल्यासारखेच काळे, पहिल्यासारखेच कुरळे. कानामागं एक रुपयाएवढी जागा तेवढी कोरी राहिली. सासूबाई तोवर थकल्या होत्या. उजवा हात थरथरायचा, त्या नुसत्या गल्ल्यापाशी बसून घड्या मोजायच्या.

एका दुपारी वहिनी टेबलाशी शर्टांना इस्त्री करत होत्या. चिमी शाळेतून आली, दप्तर टाकलं, स्टूल ओढून आणलं आणि टेबलावर डोकं आडवं टेकवलं.

"आजी, उद्या वर्गाचा फोटो आहे. या वेळी एकदम कोरडे आहेत, हात लावून बघ. तीन दिवस पाणी लागू दिलं नाही."

सासूबाईंनी आपला हात वर करून दाखवला. तो हलत होता. "माझ्यानं आता कुठलं होतंय, राणी? तुझ्या आईला सांग. आता या घरात इस्त्रीचा हात चांगला तो तिचाच."

बारा-तेरा वर्षांत सासूबाईंनी केलेली ही पहिली स्तुती.

"कर ना गं आई. मी नाही हलणार."

वहिनींनी इस्त्री उचलली आणि दुसऱ्या हातानं भिंतीवरचं बटण बंद केलं. चिमीनं डोळे गच्च मिटले होते. इस्त्री पूर्ण गार व्हायला वीस-बावीस मिनिटं लागतात. तेवढा वेळ वहिनी शर्टांच्या घड्या घालत राहिल्या, आणि तेवढा वेळ पोरगी डोकं टेकवून, खांदे आवळून तशीच थांबली. "तापतेय का?" तिनं दोनदा विचारलं. "तापतेय," वहिनी म्हणाल्या. मग त्यांनी तळाला स्वतःचा गाल लावून बघितला, आणि ती गार इस्त्री एकेका बटेवरून, टोकापासून सुरुवात करून, हलकेच फिरवली.

चिमी उठली, आरशापाशी धावली. बटा जशाच्या तशा होत्या. ती वळली. तिनं आजीसारखेच दोन्ही हात कमरेवर ठेवले.

"इतकी वर्षं या घरात आहेस," ती म्हणाली, "आणि एक इस्त्री येत नाही?"

गल्ल्यापाशी सासूबाई इतक्या हसल्या, की त्यांना ठसका लागला. वहिनींनी त्यांना पाणी नेऊन दिलं, आणि परत येऊन बटण चालू केलं. नऊ शर्ट बाकी होते.