मालनबाई अन् पटाचा मांडव

मालनबाईले कोणी समाजसेविका म्हटलं का तिचं डोस्कं फिरे. "मी कायची सेविका? मी भात शिजवतो," म्हणे. अन् हे बोलताना हातातला भाताचा सराटा असा हलवे का समोरचा दोन पावलं मांगं सरे.

बाई मूळची दिघोरीची. नवरा गेला तवा पोटी लेकरू नव्हतं. जेठ म्हणे, "तुहं काय काम आता अठी?" घरात ज्या बाईनं दहा सालं धानाचा रोवणा केला, ज्या चुलीवर सबन्याईचं शिजवलं, त्या घरात तिचं काम सरलं! बहात्तरच्या कोरड्या सालात ती एक लुगडं अन् एक भाताचा गंज घेऊन निंगाली, गिट्टी फोडाले हमरस्त्यावरच्या गावात आली. लाखनी अन् साकोलीच्या मधातलं गाव. नाव नाही सांगत, त्यातले कितीक जण अजून जित्ते आहेत अन् तोंड वर करून फिरतात. दिवसा गिट्टी फोडे, झोपाले यष्टीच्या टपऱ्यातल्या टिनाखाली जाय.

तठी तिले यादोरावनं पाहिलं. यादोराव गावचा पोष्टमन, बुद्धविहाराच्या कामातला माणूस, भला पण भित्रा. त्यानं अन् वस्तीतल्या चार घरांनी तवाच आसरा मंडळ काढलं होतं. पैसा कोणाजवळच नव्हता. मंग असं ठरलं का दर घरी चुलीपाशी एक मडकं ठेवाचं. सयपाकाले तांदूळ काढले का त्यातली एक मूठ मडक्यात टाकाची. शनवारी मडकी जमा कराची अन् ज्याले कोणी नाही त्याले जेवू घालाचं. मालनबाई त्या मंडळाच्या भातावर जेवणारी पयली बाई. साल भरता भरता तिनं सराटा हाती घेतला, तो कधी सोडलाच नाही. शनवारी डोक्यावर टोपला घेऊन साऱ्या गावात फिरे. पयले बौद्धवाड्यात, मंग कुणब्याईच्या आळीत, तेल्याईच्या आळीत. काही बाया वरूनच मूठ सोडत, हात लागू नये म्हणून. मालनबाई टोपला तेवढाच खाली धरे अन् म्हणे, "टाक वो माय, तांदूळ काही बाटत नाही."

अन् माणसं काय थोडी येत? हमरस्ता ना तो. ज्याच्या घरचा बुढा जड झाला, बाईची सुधबुध हरपली, त्याले टरकात बसवून देत अन् डायव्हरले सांगत, "दूर कोठी उतरवून दे बाप्पा." ते दूर म्हंजे हे गाव. शकुबाई तशीच आली. कोठून आली तिले माहीत नाही. तिले फक्त हासता येते. कोणी विचारलं, "कोणाची व्हय तू?" तं हासे. कोणी मारलं तं बी हासे.

ऱ्हाले जागा कोणती भेटली? कोंडवाडा. ग्रामपंचायतीचा. मोकाट ढोरं कोंडाचं बंद झालं होतं, वर कवेलू, तीन बाजूनं भीत, आतमधी शेणाचा थर. पंचायतवाले म्हणे, "घ्या हा." जसं काही बंगलाच दिला! मालनबाईनं शेण खरडलं, शकुबाईनं सारवलं, धानाच्या तनसीचं आथरूण झालं. ढोरं ठेवत तठी माणसं राहाले लागली, अन् माणसं खुशीनं राहाले लागली. कोणाले त्यात लाज वाटली नाही. वाटाले पायजे होती.

त्यात केवळराम होता.

केवळराम म्हंजे आधीचा धुरकरी, शंकरपटात, बैलाईच्या शर्यतीत, छकडा हाकणारा. झाडीपट्टीत पट म्हटला का पोरासोरापासून बुढ्यापर्यंत सारे पागल. केवळरामानं जिभेचा नुसता टकारा मारला का जोडी उडे. जोडी कोणाची? वासुदेवराव मालकाची. तो जुन्या मालगुजाराचा नातू, पटाच्या कमिटीचा अध्यक्ष. एका पटात जोडी पयली आली, पण थांबता थांबेना. केवळराम घसरला अन् चाक कमरेवरून गेलं. मालकानं काय केलं? बैलाच्या शिंगाले गुलाल लावला, नारळ फोडला, अन् केवळरामाले बंडीत टाकून घरी धाडलं. मंग त्याची बायको गेली. झोपडी मालकाच्याच जाग्यावर होती. साल नाही झालं का मालकाच्या माणसानं तठी कडबा भरला. केवळरामाले लोकानं उचलून कोंडवाड्यात आणलं. तेव्हापासून मालनबाई त्याले भरवे, धुवे, अन् शिव्या बी देये.

"केवळबाबा, पेज पी."

"पेज बैलाले देतात का वो?"

"बैलाले अंडे देतात, दूध देतात. तुले पेजच भेटते. पी मुकाट्यानं."

त्र्याऐंशीच्या हिवाळ्यात थंडी बेकार पडली अन् केवळरामाची छाती भरली. दवाखान्याच्या डाक्टरनं सांगतलं होतं, "याले वारा लागू देऊ नका." मालनबाईनं भिंतीच्या कोपऱ्यात त्याची खाट लावली, आडवी पोती बांधली. बुढा जरा सावरून राहिला होता.

अन् तवाच पट आला. कमिटीचा माणूस फाटकापाशी उभा राहून म्हणे, "कोंडवाडा खाली करा. बाहेरगावच्या जोड्या येऊन राहिल्या. बैल बांधाचे हायेत."

मालनबाईले वाटलं, हा दारू पिऊन आला. "अन् माणसं कोठी बांधाची?"

"ते तुमी पाहा."

ती तशीच वासुदेवरावाच्या ओसरीवर गेली. यादोरावही मांगं मांगं, टोपी हातात घेऊन. मालक बैलाले तेल लावून घेत होता. दोन गडी चोळून राहिले होते, तिसरा परातीत अंडे फोडून राहिला होता.

"मालक," यादोराव म्हणे, "जरा समजून घ्या. चार दिवसाचा सवाल..."

"चारच दिवसाचा हाय ना? मंग चार दिवस कोठीबी राहा. यादोराव, कोंडवाडा कायले असते? ढोराईसाठी. तुमाले दया म्हणून दिला, सातबारा नाही करून दिला."

मालनबाई म्हणे, "केवळरामाची छाती भरली हाय. उघड्यावर मरन तो. तुमच्याच चाकाखाली मोडला ना?"

वासुदेवराव तिच्याकडं न पाहता बैलाच्या मानेवर हात फिरवत म्हणे, "हे जोडी लाखाची हाय बाई. रात्री आंगावर दव पडलं तं पाय आखडतात."

हे ऐकून बी यादोराव म्हणे, "बरं मालक, येतो." वाटेनं मालनबाईनं त्याले असं झाडलं का तो पोष्टाच्या सायकलवर बसाचंच विसरला.

"येतो म्हणे! काहून येतो? परत कायले येतो? पाय धुवाले?"

"मालनबाई, त्याच्याशी भांडून आपलं मंडळ बंद पडन."

"बंद पडू दे. ज्याच्यासाठी काढलं त्याले उघड्यावर टाकून कोणासाठी चालवाचं हाय?"

दुसऱ्या दिवशी कमिटीचे पोरं आले अन् गाठोडी बाहेर टाकली. तनीस तेवढी ठेवली, बैलाले बसाले. केवळरामाच्या कोपऱ्यातली पोती सुदा सोडून नेऊ देली नाही, म्हणे बैलाले वाऱ्याचा आडोसा चांगला हाय. यष्टीचा टपरा चिवड्याच्या, पेढ्याच्या दुकानवाल्यानं भरला होता. विहाराच्या भिंती झाल्या होत्या, छत चढलं नव्हतं. तठीच भिंतीले धरून सारे पडले. मालनबाईनं आपलं दुसरं लुगडं, दुपट्टा, सारं केवळरामावर टाकलं. सकाळी त्याचा श्वास लोहाराच्या भात्यावाणी वाजे अन् ओठ निळे झाले होते. अशी अजून एक रात्र, अन् बुढा संपला. हे तिले कळत होतं. शकुबाईले बी कळलं असन, कारण ती हासत नव्हती.

तिकडं भोंगा सुरू झाला होता. केवळरामानं डोळे उघडले.

"पट सुरू झाला का वो?"

"हो."

"मले नेता का पाहाले?"

मालनबाईच्या मनात आग होती, अन् हा बुढा पट पाहाचं म्हणे! ज्या पटानं कमर मोडली, ज्या पटानं छप्पर हिसकलं! ती बोलणारच होती दोन शब्द. पण बोलता बोलता थांबली. साऱ्या गावात आता एकच छप्पर खाली होतं. पटाच्या मैदानावर पाव्हण्याईसाठी घातलेला मांडव. वरून ताडपत्री, बाजूनं कनाती, आतमधी गाद्या अन् सोफे. पाव्हणे दुपारशिवाय येत नव्हते.

"दाखवतो तुले पट," ती म्हणे. "पयल्या रांगेतून दाखवतो. उचला रे खाट."

खाट मैदानात आली तवा लोकाईले वाटलं कोणाची तिरडी व्हय. वाट मोकळी झाली. खाट सरळ मांडवात, सोफे सरकवून, मधोमध ठेवली. बाकीचे सारे गादीवर बसले. शकुबाई सोफ्यावर बसली, जरा उसळून पाहिलं अन् खदाखदा हासली. चूल बी आली. मालनबाईनं मांडवाच्या तोंडाशी तीन दगड मांडले अन् भाताचा गंज चढवला.

वासुदेवराव पांढऱ्या धोतरात धावत आला. "हे काय चालू हाय?"

"भात," मालनबाई म्हणे.

"उठा! पाव्हणे येऊन राहिले!"

"येऊ द्या. ताट देतो त्याईले बी."

"मालनबाई, हा कमिटीचा मांडव हाय!"

"अन् तो आमचा कोंडवाडा हाय. आमच्या घरात तुमचे बैल, तुमच्या मांडवात आमी. चारच दिवसाचा तं सवाल हाय, मालक! समजून घ्या!"

लोकं हासले. मैदानभर लोकं, त्यातले अर्धे आता पट सोडून इकडंच पाहून राहिले होते. कमिटीचे पोरं पुढं आले, पण शनवारी मूठ टाकणाऱ्या बाया गर्दीत उभ्या होत्या. त्यातल्या एकीनं आपल्याच पोराले कानाले धरून मांगं ओढलं, "खाटेले हात लावला तं घरी जेवाले येजो नोको." यादोराव बी आला होता. घाबरलेलाच होता, पण या बारीनं तो मांडवाच्या आत, खाटेच्या पायथ्याशी येऊन बसला अन् टोपी डोक्यावर घातली.

गडबड पाहून एकोडीचा धुरकरी जागेश्वर आला. खाटेवर वाकला अन् एकदम खालीच बसला.

"केवळरामदादा? तुमी जित्ते हा? आमाले सांगतलं का तुमी पोरीच्या गावी सुखात हा!"

"मले पोरगी कोठी हाय रे," केवळराम म्हणे.

जागेश्वरनं त्याच्या पायावर डोस्कं ठेवलं. मंग त्यानं मालनबाईले विचारलं, दादा अठी कसा. मालनबाईनं सारं सांगतलं, साऱ्याईले ऐकू जाईल असं. चाकापासून कडब्यापर्यंत, कडब्यापासून कोंडवाड्यापर्यंत. दुसरे धुरकरी जमत गेले. खाटेभवती कडं झालं.

वासुदेवराव काही येडा नव्हता. त्यानं वारं ओळखलं अन् भोंग्याचा माईक हातात घेतला. "आपल्या पटाचे जुने धुरकरी केवळराम यांचा कमिटीतर्फे शाल-श्रीफळ देऊन सत्कार!" पाव्हण्यासाठी आणलेली शाल त्यानं आपल्या हातानं केवळरामाच्या आंगावर टाकली, नारळ मांडीवर ठेवला. लोकानं टाळ्या वाजवल्या. लोकाईचं काय, ते कोणासाठीबी वाजवतात.

केवळरामाच्या डोळ्यातून पाणी आलं. तो शाल चाचपून पाहून राहिला होता. मालनबाईले वाटलं, बुढा विरघळला, आता म्हणन का मालक भला माणूस हाय, चाला जाऊ. जन्मभर मालकाच्या एका शाबासकीवर जगला तो.

केवळरामानं मालकाले हातानं जवळ बोलावलं. आवाज फाटका होता, पण माईक मालकाच्याच हातात होता अन् चालू होता.

"मालक, शाल मस्त गरम हाय."

"हो ना, तुझीच हाय आता."

"मले नोको. तुमच्या बैलाले घाला. आज त्याले उघड्यावर बांधाचं हाय ना, दव पडते."

भोंग्यातून हे साऱ्या मैदानभर गेलं.

पयला जागेश्वर उठला. "मी माही जोडी सोडून आणतो. केवळरामदादाच्या जाग्यावर बांधलेली जोडी मी नाही हाकत." त्याच्या मांगं दुसरा गेला, मंग सारेच. जोड्या कोंडवाड्यातून निंगाल्या अन् मैदानाच्या कडेले पळसाले बांधल्या. शेवटी मालकाची जोडी राहिली; मैदान जवळ म्हणून तीही तठीच बांधली होती, अन् त्याचा धुरकरी तिले सोडाले गेला नाही. वासुदेवराव सोता गेला, पांढऱ्या धोतरात शेण तुडवत.

पाव्हणे आले तवा मांडवात भाताचा वास होता अन् सोफ्यावर शकुबाईनं सांडलेली पेज.

दिवस बुडाच्या आधी सारे कोंडवाड्यात परतले. शेण काढाले कमिटीचं एक पोरगं आलं नाही. मालनबाईनंच खरडलं, शकुबाईनं सारवलं, बैलानं ओढलेली पोती परत बांधली. केवळराम तो हिवाळा जगला, पुढचा बी जगला. दर पटात त्याची खाट मांडवाच्या पयल्या रांगेत जाय अन् कोणाची हिंमत नाही झाली सरकव म्हणाची. कोंडवाड्याच्या फाटकाले मात्र मालनबाईनं साखळी लावली, आतल्या आंगानं. लोकं म्हणत, गावानं शेवटी मन मोठं केलं. कायचं मोठं केलं? चार दिवसासाठी जे हिसकलं ते परत दिलं, तेही भोंग्यानं उघडं पाडलं म्हणून.

शाल खरंच बैलावर गेली. नारळ मालनबाईनं परत नाही केला. त्याच संध्याकाळी दगडावर फोडला, पाणी केवळरामाले पाजलं, अन् खोबरं साऱ्याईले बारीक बारीक वाटून दिलं.