स्थानिक नाव: खरपुडी

सव्वीस जुलैच्या पुराच्या पुढच्या वर्षी मी उल्हासनगरच्या कॉलेजात बॉटनीच्या शेवटच्या वर्षाला होते आणि स्वतःला फार शहाणी समजत होते. अंबरनाथला बुवापाड्याच्या घरात आई अंथरुणाला खिळली होती. पोटाचा कॅन्सर. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आता मागतील ते खाऊ घाला.

आई काही मागतच नव्हती. एकदाच म्हणाली, "खरपुडी खावीशी वाटते."

वहिनीला ऐकू आलं, खरपूस पुरी. तिने कडक, तांबूस पुऱ्या तळल्या. आईने तुकडा चावला आणि तोंड फिरवलं. "ही नाय गं. आमच्या डोंगरात मिळायची ती."

डोंगरात कुठल्या पुऱ्या? आम्ही दोघी स्वयंपाकघरात जाऊन हसलो. हो, हसलो.

त्या रविवारी मी हर्बेरियमसाठी, म्हणजे दाबून-वाळवून कागदावर चिकटवायची रोपं आणायला, बदलापूरच्या डोंगरावर गेले. पाणी न ठरणाऱ्या दगडगोट्यांच्या उतारावर, गवतात गवतासारखंच एक रोप होतं. फूल मात्र छोट्या कंदिलासारखं, खाली फुगीर आणि वर पाकळ्यांची टोकं जुळलेली. सरांच्या शिस्तीप्रमाणे मुळासकट उपटलं. खाली सुपारीपेक्षा मोठा कंद निघाला. तो कागदात दबेना, म्हणून घरी येऊन त्याचा एक पातळ काप ठेवला आणि बाकीचा कचऱ्यात टाकला.

दोन दिवस पुस्तकं चाळून शास्त्रीय नाव सापडलं, सिरोपेजिया. आईच्या उशाशी बसून तिला ते मोठ्या ऐटीत सांगितलं. तिने डोळे मिटूनच "हं" केलं. फूल दाखवलं नाही. पेपरात दाबलेलं उघडलं तर बिघडेल, असं वाटलं.

पुढच्या आठवड्यात आई गेली.

दहाव्याला बारवी धरणाकडून मामा आला. आईचं माहेर त्या धरणात गेलं, मामा काठावरच्या पाड्यात राहिला. टेबलावरची, रोप चिकटवलेली शीट बघून तो वाकला, वाळल्या कापावर बोट ठेवलं.

"खरपुडी कुठं गावली गं तुला? तुझी आय गुरांमागं असताना हीच खणून खायाची. कच्चीच."

तो कंद मी तिच्या खाटेपासून चार पावलांवर कचऱ्यात टाकला होता.

शीटच्या लेबलवर 'स्थानिक नाव' असा रकाना असतो. तिथे मी 'माहीत नाही' लिहिलं होतं. ते खोडून खरपुडी लिहिलं आणि शीट जमा केली. सर खूश झाले. "हे नाव कोणी सांगितलं?"

म्हटलं, "आईने."