हात खालीच राहील

बेसबॉलमध्ये रिलीफ पिचर म्हणजे काय, हे मी, आम्ही राहतो त्या चँडलरमधल्या, ओळखीच्या सगळ्या काकांना समजावून थकलोय. पहिला पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, दमतो किंवा मार खातो, आणि तिन्ही बेसवर समोरच्यांचे धावपटू उभे करून निघून जातो. मग मैदानाच्या टोकाला, कुंपणाआड बसलेल्या आमच्यापैकी एकासाठी फोन येतो. उठायचं, हात मोकळा करायचा, धावत जायचं आणि दुसऱ्याचं खरकटं काढायचं. ते धावपटू फिरून घरच्या बेसवर पोचले तर धावा पहिल्याच्या नावावर, शिव्या माझ्या. एवढं ऐकून एक काका म्हणाले, "म्हणजे बारावा खेळाडू." मी म्हटलं, "नाही काका. बारावा पाणी नेतो. मी आग विझवतो." आईने डोळे वटारले. पण मी का गप्प बसायचं? माझ्या पोटापाण्याचा धंदा होता तो.

आम्ही नागपूरहून आलो तेव्हा मी शाळेत होतो. बाबांना इथे चिप बनवणाऱ्या कंपनीत काम मिळालं होतं. शाळेच्या मैदानावर पहिल्यांदा हातात बेसबॉल दिला, तेव्हा मी लांबून पळत आलो आणि हात सरळ ठेवून टप्प्याचा चेंडू टाकला. कोपर वाकलं की नो-बॉल, हे बाबांनी डोक्यात पक्कं बसवलं होतं. सगळी पोरं पोट धरून हसली. तिथले सर म्हणाले, नुसता फेक. आता फेकणं म्हटलं तर मला एकच येत होतं. कव्हरला चेंडू अडवायचा आणि वाकलेल्या अवस्थेतच, कमरेच्या उंचीवरून सपाट, थेट स्टंपवर मारायचा. तसाच फेकला. समोरच्याची बॅट फिरली तेव्हा चेंडू मागच्याच्या ग्लव्हमध्ये जाऊन बसला होता. पुन्हा कोणी हसलं नाही.

त्याच हातावर मी कॉलेजच्या टीममध्ये गेलो, आणि कॉलेज अर्धवट सोडून व्यावसायिक खेळात शिरलो. मोठ्या लीगमध्ये नव्हे. त्याच्या कितीतरी पायऱ्या खाली, जिथे रात्रभर बसमध्ये झोपतात आणि सकाळी पीनट बटर खातात. बाबा डिग्रीबद्दल विचारत, मी विषय बदलत असे.

गेल्या वसंतात आमच्या टीमला पिचिंगचा नवा कोच आला. त्याला वेग हवा होता, आणि वेग वरून, खांद्याच्या वरून टाकल्यावर येतो असं त्याचं ठाम मत. माझा हात कमरेपाशी. नावडतीचं मीठ अळणी, तसं माझं झालं. मी बाद केला तर नशीब, मार खाल्ला तर हात. शेवटी त्याने स्पष्ट सांगितलं, सराव सामने संपेपर्यंत हात वर नेला नाहीस तर उन्हाळ्याच्या टीममध्ये तुला जागा नाही.

शेवटच्या सराव सामन्याला बाबा आले. सामना चँडलरजवळच होता. ऑफिसात डेंटिस्टचं कारण सांगून आले होते, गळ्यात कंपनीचा बिल्ला तसाच. आठव्या इनिंगला मला बोलावणं आलं. तिन्ही बेस भरलेले, एकच बाद; तीन बाद झाले की इनिंग संपते. कोच चालत मधे आला, चेंडू माझ्या हातात ठेवून म्हणाला, "वरून टाक. मला वेग बघायचाय."

मी मान डोलावली. तो बाहेर जाईपर्यंत थांबलो आणि खालूनच टाकला. चेंडू शेवटच्या क्षणी आत वळला, बॅटच्या दांड्याला लागला आणि सरपटत आमच्या माणसाकडे गेला. एका फटक्यात दोघं बाद, इनिंग खलास. मी कोचसमोरून मुद्दाम सावकाश चालत आलो. फार बरं वाटलं मला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने खोलीत बोलावलं. रागावला नव्हता. म्हणाला, इथे सरावाच्या कॅम्पमध्येच राहा, नवीन हात शिक, वर्षभर पगार चालू ठेवतो. नाहीतर आज सामान बांध. त्याने विचार करायला दुपारपर्यंत वेळ दिला. मला तो नको होता. मी म्हटलं, "हा हात चालतो, काल तुम्ही बघितलंत. मी तो बदलणार नाही."

बाबा गाडी घेऊन आले. माझी बॅग डिकीत टाकली. मग म्हणाले, "एक वर्ष हात वर केला असता तर काय बिघडलं असतं बे?"

"काल तुम्ही होतात ना तिथे?"

"होतो."

"मग तुम्हीच सांगा, काय वाईट टाकला मी?"

त्यांनी इंडिकेटर दिला आणि गाडी वळवली. मी दुसऱ्या एका टीमच्या ट्रायलचं सांगितलं, तर नुसतं "हं" म्हणाले. मला वाटलं, आता कॉलेजचे फॉर्म निघणार.

शनिवारी आमच्याकडे पॉटलक होतं, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचा असं जेवण. बातमी माझ्याआधीच सगळ्यांच्या ताटांपर्यंत पोचली होती. बारावा खेळाडूवाले काका मसालेभात वाढून घेत बाबांना म्हणाले, "काढलं म्हणे त्याला. झालं ते चांगलंच झालं यार, आता डिग्री कम्प्लीट करेल, सेटल होईल."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात बाबा म्हणाले, "काढलं नाही. ते ठेवत होते. हात बदल म्हणाले, यानं नाही म्हटलं."

"अहो, पण असं नाही म्हणून कसं चालेल?"

"मी हो म्हणत आलो," बाबा म्हणाले. "कंपनीच्या हातात ग्रीन कार्ड अडकलं होतं तोवर प्रत्येक मीटिंगमध्ये हो. चुकीचं काम दिसून राहिलं होतं, तरी हो. कार्ड आलं, पण तोंडाची सवय गेली नाही."

आई वरणाचं भांडं हातात धरून तशीच उभी होती. बाबांनी माझ्याकडे वळून, सगळ्यांदेखत, विचारलं, "दुसऱ्या टीमची ट्रायल कुठे आहे म्हणाला होतास?"

"टेक्सासला. बुधवारी."

"मी ड्राइव्ह करतो. मंगळवारी पहाटे निघू."

ऑफिसात मॅनेजरला रजेचं विचारून बघतो, हे नेहमीचं वाक्य त्यांनी जोडलं नाही.