सव्वा नंबरची बाटली

लातूरच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, मी अठ्ठावीस वर्षं तूरडाळ पारखली. मूठभर डाळ तळहातावर घ्यायची, एक दाणा दाताखाली फोडायचा, बाकीची नाकाशी न्यायची. ओल किती, तेलाचा हात किती फिरवलाय, जुना माल नव्यात मिसळलाय का, हे सांगायचं. समोरचा जितका गोड बोलेल तितकं पोत्याच्या तळातून काढून बघायचं, हे मी तिथंच शिकलो. काम सुटलं, ती खोड काही सुटली नाही.

म्हणून नांदेडहून दाजींचा, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याचा, फोन आला तेव्हाच मला खटकलं.

"पाव्हणं, रविवारी या. पोरीनं फ्रान्सहून आणलेली वाइन फोडू. तुमच्यासारखी जीभ कुणाकडं हाय?"

त्यांच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली, दाजींनी माझ्या जिभेचं कधी कौतुक केलं नव्हतं. शिवाय ती बाटली भाचीनं दोन वर्षांपूर्वी आणलेली. इतके दिवस का थांबले, आणि आता ही घाई कसली? अहमदपूरला एसटी थांबली, चहा झाला, तरी डोक्यात तेच चाललं होतं.

पोचलो तर बाटली बैठकीत टीपॉयवर, धुऊनपुसून ठेवलेली. ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, चेहरा आंबट.

"बोर्डोची हाय," दाजी म्हणाले. "तिकडच्या लई मोठ्या मळ्याची."

"पहिल्या नंबरची?"

दाजी जरा अडखळले. "न्हाई. पोरगी म्हणती, एकाच मळ्याची दोन नावं असत्यात. चांगल्यात चांगली पिंपं पहिल्या नावानं जात्यात. बाकीची दुसऱ्या नावानं."

म्हणजे आमच्याकडची सव्वा नंबर. एकाच गिरणीत, एकाच तुरीची डाळ होते. निवडक ती फटका, तिच्या मागं राहिलेली ती सव्वा नंबर. सव्वा नंबर वाईट नसते. पण ती फटका म्हणून गळ्यात मारणारे मी ढिगानं पाहिलेत. परदेशात शिकलेल्या पोरीलाही कुणी तसंच गंडवलं असेल, असं मला वाटलं.

मी बाटली उजेडात धरली. वाइन गळ्यापर्यंत हवी, ती दोन बोटं खाली होती. बुचावरचं आवरण मधोमध फुगलेलं. कडेला जांभळट, चिकट डाग. दाजींनी पुसून घेतला होता, पण नखानं खरवडला तसा निघाला. हे आवरण कुणीतरी काढून परत बसवलंय, असं माझ्या मनानं घेतलं. घरात राहणारी माणसं दोनच, आणि ताई तर त्या बाटलीला हात लावणार नाही.

बूच काढायचं हत्यार घरात नव्हतं. दाजींनी लांब स्क्रू फिरवला आणि पकडीनं ओढला. बूच सहज आलं, फारच सहज. वरच्या टोकापर्यंत ओलं होतं.

काचेच्या ग्लासात चार बोटं ओतली, मागं पांढरा रुमाल धरला. मधे लाल, कडेला विटकरी. नाकाशी नेलं तर शिजवलेल्या मनुका, करपलेली काकवी. घोट घेतला. कच्चं जांभूळ खाल्ल्यावर जीभ ओढते तशी जरा ओढली, आणि मग काहीच नाही. पाण्यात गूळ विरघळल्यागत सपाट.

"दाजी," मी म्हणालो, "ही आधी उघडलेली हाय. खरं सांगा."

त्यांचा चेहरा पडला. "मी? पोरीनं आणलेली बाटली मी चोरून पिईन?"

"मग दोन बोटं गेली कुठं?"

ताई काहीतरी बोलणार तेवढ्यात दाजींचा फोन वाजला. भाचीचा व्हिडिओ कॉल. आज बाटली उघडणार हे तिला माहीत होतं. मी फोन घेतला आणि बूच तिला दाखवलं.

तिनं बराच वेळ पाहिलं. "मामा, बाटली कुठं ठेवली होती?"

मी दाजींकडं पाहिलं. ते खिडकीकडं बघत होते.

"मी न्हाई म्हणलं," ताई म्हणाली. "घरात देव हायत. मग ह्यांनी गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत ठिवली. जुन्या कूलरमागं."

"दोन्ही उन्हाळे?" भाचीनं विचारलं.

"हाव," दाजी पुटपुटले. "तुला मधल्या थंड खोलीत हाय म्हणून सांगितलं. आता दिवाळीला तू येणार, म्हणलं त्याआधी संपलेली बरी."

पत्र्याखाली नांदेडचा मे महिना. वाइन तापून फुगली होती, तिनंच बूच वर ढकललं, तिथूनच ती पाझरली होती. कुणी चोरून प्यायलं नव्हतं. दाजी लपवत होते हे मी बरोबर ओळखलं, काय लपवत होते ते मात्र साफ चुकलो. "माफ करा दाजी," म्हणालो. त्यांनी नुसता हात हलवला.

भाची म्हणाली, "शिकत असताना मी त्या मळ्यात दोन आठवडे द्राक्षं तोडली होती. वेली कोवळ्या होत्या, म्हणून ती द्राक्षं दुसऱ्या नावाच्या वाइनमध्ये गेली. ही त्याच वर्षाची आहे. म्हणून मी मुद्दाम हीच घेतली, पहिली नाही."

हे दाजींनाही माहीत नव्हतं. ते खुर्चीवर बसले आणि त्यांनी स्वतःसाठी थोडी ओतून घेतली. ताई आत गेली नाही, तिथंच उभी राहिली.

"आता खरं सांग मामा, कशी आहे?"

"उन्हानं भाजलीय गं. चांगली असणार, पण आता सांगता येत न्हाई."

"थोडी उघडी राहू दे. तिथल्या मातीचा एक वास येतो, ओल्या दगडासारखा. बघ येतो का."

फोन चालू ठेवूनच आम्ही अर्धा तास थांबलो. ती तिच्या ऑफिसचं सांगत राहिली. मग मी ग्लास फिरवला, डोळे मिटले, वास घेतला. मनुका. काकवी. आणि तळाशी काहीतरी गार, क्षणभरच.

"आला," मी म्हणालो.

ती हसली. पण तो वास खरंच होता, की तिनं सांगितल्यामुळं मला आला, हे मला आजही सांगता येणार नाही. डाळीच्या बाबतीत माझ्यावर अशी वेळ कधी आली नव्हती.

फोन ठेवल्यावर दाजींनी बाटली माझ्यापुढं सरकवली. आम्ही ती संपवली. ताईनं ग्लास आत घेतले नाहीत. अंगणातल्या नळावर आम्हा दोघांनाच घासायला लावले.