अप म्हणजे कुठे

माझा एक सिंधी मित्र उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधल्या एका शाळेत इंग्रजी शिकवतो. मी बदलापूरला राहतो आणि रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून आहे. आमची ओळख झाली ती शाळेच्या बाकांवरून. कागदावर बाक होते सव्वीस आणि मालगाडीच्या वाघिणीतून, म्हणजे डब्यातून, उतरले चोवीस. मी तीनदा मोजले, त्यानं चौथ्यांदा मोजले. तेव्हाही चोवीसच भरले, तसा तो म्हणाला, "बाबूजी, आपण दोघं मिळून शाळा काढू. पोरं आली नाहीत तरी हजेरी बरोबर लागेल." पुढे बाबूजीचा मी 'अदा' झालो. सिंधीत भावाला तसं म्हणतात. मी त्याला मास्तर म्हणतो.

त्याच्या वर्गाच्या खिडकीतून चंदेरीचा डोंगर आणि त्याच्या बाजूची धार दिसते. त्याचं मूळ गाव सपाटीवरचं. नदी होती, वाळू होती, पण चढायचं म्हणजे घराच्या गच्चीवर. एके दिवशी म्हणाला, "सहा वर्षं हे बघत 'हिल'चं स्पेलिंग शिकवतोय. एकदा हात लावून यायचंय." मी आधी तीनदा चंदेरीच्या बाजूला गेलो होतो, म्हणून नेण्याचं काम माझ्याकडे आलं.

त्याच्या आईची परवानगी काढायला मी स्वतः गेलो. लष्कराच्या जुन्या बराकीत गोणपाटाचा आडोसा करून त्यांनी दोन खोल्या केल्या होत्या. थोरला मुलगा फाळणीच्या धामधुमीत मागे राहिला, तो राहिलाच. म्हातारीनं माझं ऐकून घेतलं आणि सिंधी-हिंदी मिसळून एवढंच बोलली, "माझ्याकडे हा एकच आहे." मी म्हणालो, "अम्मा, सहाच्या आत आणून सोडतो. जसा नेतोय तसा." शब्द मी दिला होता. मागितला नव्हता कुणी.

जानेवारीतला रविवार होता. मास्तर पहाटेच्या गाडीनं बदलापूरला आला. पायात शाळेचे चामडी तळाचे बूट, पिशवीत आईनं दिलेल्या कोक्या, म्हणजे कांदा घातलेल्या जाड सिंधी पोळ्या, सहा. माझ्याकडे चार भाकऱ्या, चटणी आणि दोन बाटल्या पाणी. पायथ्याच्या गावापर्यंत चालायला आम्हाला एक तास पन्नास मिनिटं लागली. मास्तर मागे विहिरीवर तोंड धूत होता, तेवढ्यात भाताच्या पेंढ्या रचणाऱ्या एका म्हाताऱ्याला मी वाट विचारली.

"ही सोंड धरा," तो म्हणाला. डोंगराच्या धारेपासून पायथ्याला उतरत येणाऱ्या उतरंडीला इकडे सोंड म्हणतात. "वर मोठा खडक आडवा येल. तिथं उजव्या अंगाला वळा. खडकावर नका चढू. चढाया जमंल, उतराया नाय जमायचं." मग येऊन पोचलेल्या मास्तरच्या बुटांकडे बघून, "पावण्यांना लगनाला जायाचंय का?"

मास्तर हसला. "लग्न झालेलं माणूसच डोंगरात पळतं, बाबा."

सोंड सुरुवातीला रुंद होती, पुढे बैलगाडीएवढी झाली, मग एका माणसापुरती. दोन्ही बाजूंना वाळलेलं गवत आणि त्याखाली नुसती घसरण. मास्तर माझ्याहून दोन वर्षांनी लहान आणि अंगानं हलका. तो पुढे, मी मागे. मी दर शंभर पावलांना थांबायचो, तो माझी खिल्ली उडवायचा. "अदा, किती झाली?" "बाराशे." "डोंगर संपला की पावती द्या."

इथे माझी चूक सांगितली पाहिजे. वाट सांगताना उजवं-डावं म्हणायला मला आवडत नाही. माणूस फिरला की त्याचं उजवं-डावं फिरतं. धक्क्यावर आम्ही अप आणि डाउन म्हणतो. मुंबईच्या बाजूला अप, कर्जतच्या बाजूला डाउन. माणूस कुठेही तोंड करून उभा राहो, अप जागचं हलत नाही. सोंडेवर चढताना उजवा हात कल्याण-मुंबईकडे येतो, म्हणजे म्हाताऱ्यानं सांगितलेलं उजवं अंग ही अप बाजू. मनातल्या मनात मी हे बरोबर मांडून ठेवलं होतं. मास्तरला सांगितलं नव्हतं. त्याची शाळा बराकीपासून पाच मिनिटांवर, गाडीत तो बसणार वर्षातून चारदा. अप-डाउन त्याच्या कामाचे शब्द नव्हते.

खडक आला तेव्हा तो माझ्यापुढे तीसेक पावलं होता. वरून ओरडला, "अदा, आता कुठून?"

मी खालून ओरडलो, "अपकडून घ्या."

मी वाकून बुटाची नाडी बांधली. वर पाहिलं तर मास्तर खडकावर होता. माझ्या उंचीच्या अडीच पट वर, अंग दगडाला टेकलेलं, दोन्ही हात पसरलेले. पाय ठेवायला वीतभर कंगोरा. त्याच्या डोक्यावर दगड पुढे झुकलेला होता, पायाखालचा त्याला दिसत नव्हता. डाव्या हाताला दरी.

"मास्तर, तिथे कशाला गेलात?"

"तुम्ही अप म्हणालात." त्याचा आवाज बारीक झाला होता. "मी इंग्रजी शिकवतो, अदा."

काय झालं ते माझ्या लक्षात आलं. मग तोच म्हणाला, "आता डाउन कुठे आहे तेही सांगा."

मी खडकाच्या मुळाशी गेलो आणि जमलं तेवढा वर चढलो. हात वर केल्यावर त्याच्या बुटाची टाच बोटांना लागली. "बूट काढा" म्हणायची सोय नव्हती. मी एक नाडी सोडली आणि बूट ओढून काढला, मग दुसरा. दोन्ही खाली गडगडत गेले. मग त्याचा पाय तळहातावर घेऊन मी दगडातल्या खाचेत ठेवला. "उजवा पाय चार बोटं खाली. अजून दोन. टेकला?" "टेकला." "आता डावा." तो सांगितलं तेवढंच करत होता, एक बोटभरही जास्त नाही. किती वेळ लागला ते मला सांगता येत नाही. घड्याळ मनगटावर होतं, मी पाहिलं नाही.

खाली आल्यावर आम्ही गवतात बसून राहिलो. त्याची कोपरं आणि गुडघा सोलवटला होता. एक बूट सापडला, दुसरा नाही. धारेपर्यंत गेलोच नाही. कोक्या खाताना तो म्हणाला, "अम्माला सांगायचं, पायवाटेवर घसरलो."

मी काही बोललो नाही. तो माझा होकार समजला.

बराकीत पोचलो तेव्हा सहाला दहा कमी होते. म्हातारीनं मुलाचं कोपर हातात घेऊन पाहिलं, मग त्याचा बूट नसलेला पाय पाहिला. मास्तर सिंधीत बोलू लागला. 'घसरलो' एवढं मला समजलं. मी मध्येच माझ्या मोडक्या हिंदीत म्हणालो, "अम्मा, तसं नाही. मी चुकीचा शब्द बोललो, म्हणून हा खडकावर अडकला होता. पडला असता."

ती रागावली नाही. पाण्याचा पेला माझ्यापुढे ठेवला आणि गोणपाटाच्या पलीकडे गेली.

मास्तर मला रस्त्यापर्यंत सोडायला आला, अनवाणी. "तुम्हाला बरं वाटलं?" त्यानं विचारलं. "तुमचं ओझं तुम्ही उतरवलंत, अदा. माझ्या घरात ठेवून चाललात."

त्या वेळी मला ते पटलं नाही. खरं सांगणं यात काय चुकलं, असं मी आठवडाभर घोकत होतो. मग कळलं की म्हातारी रोज पाच वाजता बराकीच्या दारात येऊन बसते, मास्तर येईपर्यंत. शाळा पाच मिनिटांवर, तरी. आधी बसायची नाही. मी शब्द पाळला होता आणि खरंही बोललो होतो. दोन्ही बाजू बरोबर होत्या, आणि तिकडे एक बाई रोज दारात बसत होती.

एका शनिवारी काम लवकर आटोपलं, तेव्हा मी कॅम्पात गेलो. ती बसली होती. तिनं माझ्यासाठी पाट सरकवला. मी शेजारी बसलो. रस्त्यावरून कुणी पांढरा शर्ट घालून आला की तिची मान उचलली जायची आणि परत खाली यायची. मी मोजलं नाही असं म्हणणार नाही, अकरा वेळा. त्या दिवशी शाळेत काही सभा होती आणि मास्तरला चाळीस मिनिटं उशीर झाला. बाराव्या खेपेला मान माझीही वर गेली.

तो जवळ येऊन आम्हा दोघांना बघत उभा राहिला.

"अदा," तो म्हणाला, "आता तुम्हीही?"

मी म्हणालो, "तुम्हाला उशीर झाला, मास्तर."

म्हातारी उठली आणि चूल पेटवायला आत गेली. तो तिच्या जागेवर, माझ्या शेजारी बसला.