क्रॅटलीची तीन कुलपांची पेटी

हॉरेस कॅचपोलच्या अंगणात अनोळखी माणूस आला की आधी कुत्रा भुंकायचा आणि मग हॉरेस. कुत्रा निदान थोड्या वेळाने गप्प बसे. सत्तरीला टेकलेला गडी, लग्नाच्या भानगडीत कधी पडला नाही. धाकटी बहीण मेबल आणि मिल हिलची शेती, एवढाच संसार. नाताळचं भेटकार्ड आलं तरी ते उलटंसुलटं करून, यात कुणी काही मागितलं तर नाही ना, हे बघून मगच घरात घ्यायचा. इंग्लंडातल्या सफोक परगण्यात संशयी माणसांचा तुटवडा कधीच नव्हता, पण क्रॅटली गावाने हा मान बिनविरोध हॉरेसला देऊन टाकला होता.

चौऱ्याहत्तर सालच्या ऑक्टोबरात, शेतात बीट काढायची घाई असताना, टास्मानियाहून ग्लेनिस नावाची बाई येऊन दारात उभी राहिली. पन्नाशीची, उंच, पायात चिखलाचे बूट.

"मीही कॅचपोलच," ती म्हणाली. "माझे पणजोबा एमोस याच घरातून निघून बोटीवर चढले. यंदा वडील गेले. जाताना म्हणाले, आपलं घर एकदा बघून ये."

आपलं घर! हॉरेसच्या मनात पाल चुकचुकली ती तिथेच.

त्याला कारणही होतं. एमोस हे नाव त्याच्या ऐकण्यातलं होतं. जोसाया कॅचपोलचा थोरला मुलगा एमोस पाळण्यातच गेला, म्हणून मिल हिल धाकट्या रूबेनला मिळालं. रूबेन म्हणजे हॉरेसचे आजोबा. "तो थोरला जगला असता, तर आपण आज दुसऱ्याच्या शेतात राबत असतो," असं हॉरेसचा बाप वरचेवर म्हणायचा. आता त्याच मेलेल्या पोराची पणती म्हणवून घेणारी बाई दारात उभी राहिली, तर काय समजायचं माणसाने?

मेबलने मात्र तिला आत नेऊन बसवलं, चहा दिला, शहाजिऱ्याचा केक कापला.

"जमीन कुठपर्यंत आहे हो तुमची?" ग्लेनिसने खिडकीतून बघत विचारलं.

"कशाला हवंय?" हॉरेस म्हणाला.

"सहज."

सहज विचारणारी माणसंच एक दिवस वकील घेऊन येतात, अशी हॉरेसची पक्की समजूत होती.

"तुमच्याकडे अजून कुणी एमोस आहे का?" मेबलने विषय बदलला.

"छे हो. पणजोबांनी सक्त ताकीदच देऊन ठेवलीय. आपल्या घरात एकाचं नाव पुन्हा दुसऱ्याला ठेवायचं नाही. प्रत्येक पोराला कोरं करकरीत नाव. आता नावं संपत आली बघा. माझ्या पुतण्याला एका मच्छिमार बोटीचं नाव ठेवलंय."

मेबल खळखळून हसली. हॉरेस हसला नाही. जोसाया, रूबेन, पुन्हा जोसाया, पुन्हा रूबेन, अशी कॅचपोलांची नावं दळणासारखी फिरत आलेली. जे घर जुनं नाव टाकून देतं ते कॅचपोलांचं असूच शकत नाही. इथे नक्की पाणी मुरत होतं.

ती गेल्यावर तो म्हणाला, "बाई लबाड आहे."

"काहीतरीच बोलू नकोस दादा. किती साधी आहे बिचारी."

"बिचारी? गोठ्याचं छप्पर कशी न्याहाळत होती, बघितलंस?"

"छपराला एवढं मोठं भोक पडलंय, ते कुणीही न्याहाळेल," मेबल म्हणाली आणि कपबशा उचलून गेली.

दुसऱ्या दिवशी हॉरेस स्वतःहून पाद्री पिम यांच्याकडे गेला. म्हणाला, "पेटी उघडा." गावातल्या जन्ममरणाच्या जुन्या वह्या चर्चमध्ये एका लाकडी पेटीत होत्या आणि त्या पेटीला तीन कुलपं होती. एक किल्ली पाद्र्याकडे, बाकीच्या दोन चर्चच्या दोन कारभाऱ्यांकडे, म्हणजे तिघे एकत्र आल्याशिवाय झाकण हलायचं नाही. आपल्या वाडवडिलांनीही एकमेकांवर काडीचा विश्वास ठेवला नव्हता, याचं हॉरेसला फार समाधान वाटे. एक किल्ली त्याच्याच कमरेला असायची. दुसरी डुकरं पाळणाऱ्या फ्रेड स्टॅनर्डकडे.

"मला वाटलं, तुम्ही किल्ली द्यायला नाही म्हणाल," पाद्री म्हणाले.

"नाही कशाला म्हणू? एमोसचं थडगं बाहेर गवतात आहे. तिला वहीतही दाखवू, म्हणजे एकदाचा तुकडा पडेल."

मग काय, ग्लेनिसला बोलावलं, तिघे जमले, तीन कुलपं निघाली. फ्रेड आपल्या डुकरांचा वास घेऊन आला होता, तो खिडकीपाशी उभा राहिला. बाप्तिस्म्याची वही पाद्र्यांनी उघडली आणि अठराशे एकोणतीसच्या वसंतात एमोस सापडला. जोसाया आणि सुझन यांचा मुलगा, मुक्काम मिल हिल. ग्लेनिसने त्या ओळीवर अलगद बोट ठेवलं. तिचे डोळे भरून आले होते.

"आता मयतांची वही काढा," हॉरेस म्हणाला.

ती काढली. त्याच वर्षीच्या पानगळीत एमोस कॅचपोल, वय पाच महिने, दफन.

ग्लेनिसने तो मजकूर पुन्हा वाचला, मग पर्स उघडली आणि उगीच बंद केली. "म्हणजे ते आमचे नव्हेतच," ती म्हणाली. "म्हणजे आमचा एमोस कुणीतरी भलताच. वडील शेवटपर्यंत याच घराचं नाव घेत होते हो."

जिंकलं होतं हॉरेसने. आता ऐटीत कुलूप लावायचं. पण त्याचा हात बाप्तिस्म्याच्या वहीवर गेला आणि तिथेच राहिला. त्या बाईच्या घरातली ती खुळी ताकीद त्याला आठवली होती. मेलेल्याचं नाव जिवंताला ठेवायचं नाही, असं कोण सांगेल? ज्याने मेलेल्या भावाचं नाव जन्मभर अंगावर वागवलं, तोच सांगेल. पुढची दोन-चार पानं कुणी उलटलीच नव्हती. उलटायचं कुणाच्या मनातही आलं नाही. फक्त त्याच्या आलं. आणि तिथे जे असेल ते रूबेनच्या आधीचं असणार, हेही त्याला कळलं. म्हणजे मिल हिलचा खरा थोरला.

त्याने वही मिटली. "लावा कुलपं," म्हणाला.

बाहेर ग्लेनिस थेट गवतात शिरली आणि ते छोटं थडगं शोधू लागली. हॉरेस तिच्या मागे गेला, का ते त्यालाच ठाऊक. बहुधा नजर ठेवायला. तिने कुंपणाकडची चार रानफुलं तोडून एमोसच्या दगडावर ठेवली. "आमचं नसलं म्हणून काय झालं," ती म्हणाली, "लेकरूच ना."

मग तिची नजर शेजारच्या दगडावर गेली. तोही तेवढाच छोटा, पण कडेचं गवत नीट कापलेलं. तिने वाचलं, थबकली, आणि हॉरेसकडे बघितलं.

"हॉरेस कॅचपोल, एकोणीसशे तीन. हे कोण?"

"माझ्या आधीचा."

"म्हणजे?"

"तो गेला. दोन वर्षांनी मी झालो. नाव तयारच होतं." हॉरेसने टोपी काढली, पुन्हा घातली. "माझ्या वाढदिवशी आई इथे येऊन बसायची. मला तिने कधी नावाने हाक मारली नाही. नुसतं 'अरे' म्हणायची. नाव याचं, पाळणा याचा, शेतीही याचीच होणार होती. जन्मभर वाटत आलंय, कुणीतरी येईल आणि म्हणेल, ऊठ बाबा, ही जागा तुझी नाही."

हे त्याने मेबललाही कधी सांगितलं नव्हतं. चर्चच्या दारात पाद्री किल्ली खिशात टाकत होते आणि फ्रेड सायकलवर टांग टाकून निघाला होता.

"फ्रेड!" हॉरेस ओरडला. "मागे फिर. किल्ली घेऊन ये."

"आता काय राहिलं?"

"पुढची पानं राहिली."

पुन्हा तीन कुलपं निघाली. या वेळी पानं हॉरेसने स्वतः उलटली. अठराशे बत्तीस साली, रूबेनच्या दोन वर्षं आधी, तो होता. एमोस, जोसाया आणि सुझन यांचा मुलगा, मुक्काम मिल हिल. ग्लेनिसने ओळ दोनदा वाचली आणि तोंडावर हात धरून रडू लागली. पाद्री आपला चष्मा पुसत राहिले. हॉरेस ताठ उभा होता. जमिनीचं आता निघेल, मग निघेल, म्हणून वाट बघत होता.

तिने डोळे पुसले. "कुणी सांगितलं असतं मला हे," ती म्हणाली, "तुम्ही नसतं सांगितलं तर?"

"कुणीच नाही," तो म्हणाला. ते खरंच होतं.

"चल हॉरेस," तिने त्याच्या दंडाला धरलं. "मेबल चहाला थांबली असेल."

मेबल त्याला दादा म्हणायची, अख्खा गाव कॅचपोल म्हणायचा; हॉरेस कुणीच नाही. कमरेची किल्ली चाचपायचं विसरून हॉरेस तिच्याबरोबर चालू लागला.